निळ्या डिस्कवरचं डोहाळजेवण

दुकान बंद करून दीड वर्ष झालं, तरी फोन थांबत नाहीत. परवा हातकणंगल्याहून एका जुन्या गिऱ्हाइकाचा आला. "मेहबूबभाई, पुढच्या गेम मशीनला डिस्क घालायची खाचच नसणार म्हणं. खरं हाय का?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

 तो म्हणाला, "तुमाला माहीत न्हाय, असं कसं हुईल?"

त्याचं काही चुकलं नाही. कोल्हापुरात शाहूपुरीच्या एका बोळात बावीस वर्षं मी गेम मशीन विकली आणि दुरुस्त केली. त्यातली बरीच वर्षं 'माहीत नाही' हे शब्द माझ्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. कुठलं मशीन कधी येणार, आत काय असणार, जुन्या डिस्क त्यात चालणार का, सगळं मी सांगायचो. पोरं दुकानाच्या पायरीवर बसून ऐकायची. त्याचा मला फार अभिमान होता.

ज्यांनी असलं मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. टीव्हीला जोडायचा एक डबा असतो, त्यात गेमची डिस्क घालतात. डिस्क आत गरागरा फिरते आणि तिच्याखाली मसुराच्या डाळीएवढी एक लेन्स असते. तिच्यातून लेसरचा उजेड डिस्कवर पडतो आणि लिहिलेलं वाचून घेतो. आमची सगळी रोजीरोटी त्या मसुराएवढ्या लेन्सवर. धूळ बसली की ती आंधळी होते. म्हातारी झाली की चाचपडायला लागते. मशीन दोनतीनदा 'टक टक' करतं आणि डिस्क नाही म्हणून सांगतं. बाकी दुरुस्तीही असते, पण पोट भरलं ते लेन्सनं.

गिऱ्हाइकंही एकेक भेटली. पुरानंतर कुरुंदवाडचा एकजण मशीन घेऊन आला. आत गाळ गेला म्हणून घरच्यांनी ते साबणानं धुऊन, गच्चीवर वाळवून, वर पुन्हा वासाची पावडर मारून पाठवलेलं. उघडल्यावर आतून तान्ह्या बाळाचा वास आला. एकदा एक आजीबाई चालू मशीन पिशवीत घालून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाळा, हे बिघडवून दे की." नातू दहावीला होता. मी आतली एक पट्टी काढून ठेवली. बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत तो पार्ट मुंबईहून निघालेलाच होता. पोरगं पास झालं. आजींनी पेढे आणले आणि पेढा खाताना मला आपल्या थापेबद्दल काडीचंही वाईट वाटलं नाही.

आणि एक एसटीचा कंडक्टर यायचा. खाकी कपडे, काखेत तिकिटांची पेटी. महिन्या दोन महिन्यांनी दारात उभा राहून एवढंच विचारायचा, "आलं का ओ ते मशीन? निळ्या डिस्कचं?" मी म्हणायचो, "येतंय, येतंय. थांबा जरा." तो मान हलवून जायचा. कधी काही विकत घेतलं नाही. मी पोरांना हसत सांगायचो, बघा, ह्या वयात ह्याला गेमचा नाद लागलाय.

त्या निळ्या डिस्कचीच ही गोष्ट आहे.

एकोणीस वीस वर्षांपूर्वीचा काळ. तोवर सिनेमाच्या डिस्क लाल लेसरवर चालायच्या. मग निळ्या लेसरच्या डिस्क आल्या. निळा उजेड बारीक टोकाच्या पेनासारखा असतो, तेवढ्याच डिस्कवर कितीतरी जास्त मजकूर मावतो, म्हणून चित्र लख्ख दिसतं. त्याला हाय डेफिनिशन म्हणायचे. पण कंपन्यांचे दोन तट पडले आणि दोन तऱ्हेच्या निळ्या डिस्क निघाल्या. एक डिस्क दुसरीच्या मशीनमध्ये चालेना. एका कंपनीच्या गेम मशीनला पहिल्या तऱ्हेची डिस्क आतच चालणार होती. दुसऱ्या कंपनीनं दुसऱ्या तऱ्हेसाठी वेगळा डबा काढला होता, तो मशीनला बाहेरून जोडायचा. आणि बातमी अशी होती, की सहा महिन्यांत तो डबा मशीनच्या पोटातच बसवून येणार.

बातमी कशाची, अफवाच ती. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेलं असायचं, नेटकॅफेत जाऊन मी त्याची प्रिंट काढून आणायचो. मुंबईचा होलसेलवाला फोनवर म्हणायचा, "पक्की खबर है." मला ती खरी वाटली, कारण ती खरी व्हावी असं मला वाटत होतं. माझ्याकडं जास्त खपायचं ते दुसऱ्या कंपनीचंच मशीन होतं.

दुकानासमोर दिलीप शूटिंगवाल्याचा स्टुडिओ होता. माझा जिवाभावाचा दोस्त. त्यानं हौसेनं हाय डेफिनिशनचा कॅमेरा घेतला आणि एक दिवस चहा घेता घेता विचारलं, "मेहबूब, आता गिऱ्हाइकाला डिस्क कुठली देऊ? साध्या डीव्हीडीवर घातलं तर हे लख्ख चित्र मातीतच जातंय की."

मी पायरीवरच्या पोरांकडं एकदा बघितलं आणि म्हणालो, "दुसरी. सहा महिन्यांत घरोघरी मशीन असणार. डोळे मिटून दे."

दिलीपनं तशा तीनच डिस्क मुंबईहून करून आणल्या. एक त्याच्या मेव्हण्याच्या वास्तुशांतीची, ती कुणी कधी मागितली नाही. एक एका बिल्डरच्या वाढदिवसाची, त्यानं ती रंग आवडला म्हणून गाडीच्या आरशाला टांगली. तिसरी चंदगड भागातल्या धोंडिबा गावडे यांच्या लेकीच्या डोहाळजेवणाची. ही नावं मी बदललेली आहेत, आणि हे सगळं त्यांच्या नातीला विचारून लिहितो आहे.

गावड्यांचा काजू फोडायचा लहानसा कारखाना. मोठी लेक नंदा, धाकटी वैशाली. वैशालीला सातवा महिना होता. दिलीपबरोबर वायरी धरायला आणि लाइट लावायला मीही गेलो. हिरवी साडी, फुलांचे दागिने, फळांची ताटं, घराच्या पुढच्या सोप्यात बायकांची ही गर्दी. तेव्हा शूटिंगवर सिनेमाची गाणी चढवून द्यायची पद्धत होती, माणसांचा आवाज सगळा पुसून टाकायचे. दिलीप म्हणाला, ह्याला गाणी घालायची नाहीत, आवाज जसा आहे तसाच ठेवायचा. नवा माइक होता त्याच्याकडं, त्याची त्याला हौस.

जेवणं झाल्यावर सगळे सोप्यात बसले, तेव्हा मी मशीनबद्दल सांगायला लागलो. टीव्हीला जोडायचं, पोरांनी गेम खेळायचे आणि घरच्यांनी हे शूटिंग बघायचं, सिनेमापेक्षा झ्याक दिसेल. आज डिस्क घेऊन ठेवा, मशीन आलं की मी स्वतः आणून लावून देतो. धोंडिबा मन लावून ऐकत होते. मी फार वेळ बोलत होतो.

डिस्क त्यांच्या घरी पोचली. लग्नसराई सुरू झाली तशी दिलीपनं मूळ टेप पुसून पुढच्या लग्नाला वापरली. कॉम्प्युटरवरची फाइलही जागा लागते म्हणून काढून टाकली. सगळ्यात चांगली कॉपी गिऱ्हाइकाकडं आहेच, असा त्याचा हिशेब. सगळे शूटिंगवाले तसंच करायचे.

पुढं दिलीपला कुठूनतरी कळलं, की ती पोरगी बाळंतपणात गेली. मुलगी झाली, ती वाचली. मी 'अरेरे' म्हणालो. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. चंदगडला फोन करावा असं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

मशीन आलंच नाही. भांडणात दुसरा तट हरला, त्यांनी डिस्क काढायचं बंद केलं, बाहेरचा डबासुद्धा बाजारातून गेला. ही बातमी मात्र खरी निघाली. त्या दिवशी मला माझ्या दुकानात पडून राहिलेल्या मालाची काळजी लागली होती. चंदगडची आठवण झाली नाही. कंडक्टर पुन्हा एकदा येऊन गेला, तेव्हा मी म्हणालो, "ते आता येणार नाही, बंद पडलं." तो काखेतली पेटी सावरून निघून गेला. त्यानंतर तो दिसला नाही.

वर्षं गेली. डिस्कचाच जमाना मागं पडला, पोरं गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायला लागली. दिलीप चार वर्षांपूर्वी गेला. मी दुकान आवरायला काढलं. शेवटच्या महिन्यात उरलेला माल खोक्यात भरत होतो, तेव्हा दारात एक म्हातारे गृहस्थ आणि अठराएक वर्षांची मुलगी येऊन उभी राहिली. म्हाताऱ्यांच्या डोक्याला पांढरी टोपी, मुलीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी.

"पावणं, डिस्क चालवून देणारं दुकान हेच का?"

मी त्यांना ओळखलं नाही. त्यांनी मला ओळखलं नाही. मुलीनं पिशवी सोडली आणि डिस्क टेबलावर ठेवली. तिच्यावर दिलीपचं अक्षर होतं.

मुलगी समीक्षा, वैशालीची लेक. आजोळीच वाढलेली. बारावी झालेली, नर्सिंगला जाणार होती. तिनं नीट, न अडखळता सांगितलं. आई गेल्यावर वडिलांनी दुसरं लग्न केलं. आईचे फोटो आहेत. लग्नाची सीडी आहे, त्यात आई चालते, हसते, हार घालते, पण वर सगळी सनई आणि गाणी. "मी आईचा आवाज कधीच ऐकला नाही. आबा म्हणाले, ह्यात आवाज आहे. कॉलेजात दाखवली, तिथल्या कॉम्प्युटरवर चालत नाही. चार दुकानं झाली. तुम्ही बघाल का?"

मी डिस्क उजेडात धरली. चंदगडचा पाऊस चार चार महिने मुरतो. कडेनं बुरशी चढलेली होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी. मधला भागही फिकट पडलेला. आणि हे वाचणारी लेन्स आता कुणाकडं नव्हती.

मग मी बोललो. खोटं बोलायला त्या दिवशी जागाच नव्हती. म्हटलं, "आबा, ही डिस्क द्यायला दिलीपला मीच सांगितलं होतं. तुमच्या सोप्यात बसून मशीन येणार म्हणालो, तो मीच. ती अफवा होती. साध्या डीव्हीडीवर दिलं असतं, तर आज कुठंही लागलं असतं."

धोंडिबा माझ्याकडं बघत राहिले. "मग तुमीच व्हय ते," म्हणाले. त्यांनी खोक्यांमधलं स्टूल ओढून घेतलं. मग म्हणाले, "लेक गेल्यावर मी लई वाट बघितली त्या मशीनची. आमच्या गावच्या एसटीचा कंडक्टर हुता, त्येला सांगितलंतं, कोल्हापूरला मुक्काम पडला की त्या दुकानात इचारून ये, आलं का म्हणून. दोन वरसं इचारत हुता बिचारा, मी सोता हितं कवा आलो न्हवतो. तुमी म्हणायचासा, येतंय."

हातातली डिस्क मी टेबलावर ठेवली. धोंडिबांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ते नुसते टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसले.

समीक्षानं विचारलं, "काका, म्हणजे तुम्ही त्या दिवशी आमच्या घरी होता. तुम्ही आईचा आवाज ऐकलाय. कसा होता?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खरोखर केला. हिरवी साडी आठवली, कपाळावरची फुलांची पट्टी आठवली. आणि एक प्रश्न आठवला. मी मशीनचं कौतुक सांगत होतो तेव्हा वैशालीनंच मला मधे थांबवून विचारलं होतं, "आणि न्हाय आलं तर?" मी म्हणालो होतो, "येणार म्हणजे येणार, ताई." शब्द जसेच्या तसे आठवले. आवाज काही केल्या आठवेना, जाड का बारीक तेसुद्धा. त्या सोप्यात मी माझाच आवाज ऐकत बसलो होतो.

हे मी तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "एवढं तरी कळलं. आई असं विचारायची."

डिस्क माझ्याकडं ठेवून घेतली, त्या दोघांना एसटीत बसवून आलो आणि दुसऱ्या दिवसापासून तो बाहेरचा डबा शोधायला लागलो. मुंबईचा होलसेलवाला हसला. भंगारवाल्यांकडं सांगून ठेवलं. दोन महिन्यांनी बेळगावातल्या एका प्राध्यापकांचा पत्ता लागला, त्यांना बंद पडलेली यंत्रं जमवायचा छंद. त्यांच्या कपाटात तो डबा होता, पण ट्रे बाहेर येत नव्हता. ऐकल्यावर त्यांनी डबा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "काम झाल्याशिवाय परत आणू नका."

आतला रबरी पट्टा विरघळून डांबरासारखा झाला होता. तो खरवडून नवा घातला. लेन्स पुसली. माझे हात आता थोडे थरथरतात, त्यामुळं जे काम पूर्वी चहा गार व्हायच्या आत व्हायचं त्याला सकाळ गेली. डिस्कवरची बुरशी पाण्यानं आणि मऊ कापडानं काढली, आतून बाहेर, सरळ रेषेत. गोल पुसली तर ओरखडे बसतात. मग डबा कॉम्प्युटरला जोडला. खराब डिस्क एकदम वाचता येत नाही. कॉम्प्युटरला सांगावं लागतं, की तुकडा तुकडा वाच, जमला नाही तर सोड, पुढं जा, पुन्हा मागं ये. एकेका तुकड्यासाठी ती लेन्स शंभरदा खाली वाकते. असं एकोणीस दिवस चाललं. माझी बायको शमीम सकाळी चहा ठेवताना विचारायची, "कुछ मिला?" तिनं एकदाही, कशाला एवढं, असं विचारलं नाही.

दोन तासांच्या शूटिंगमधून चारेक मिनिटं निघाली, तीही सलग नाही. आठ सेकंद इथं, तीन सेकंद तिथं. मी ती ऐकली, पण कुठला आवाज कुणाचा हे मला कळायला मार्ग नव्हता. मी चंदगडला फोन केला आणि आधीच सांगितलं, की फार नाही, आशा ठेवून येऊ नका.

दोघं पहिल्या एसटीनं आले. दुकान तोवर रिकामं झालेलं, म्हणून घरीच बसवलं. समीक्षा कॉम्प्युटरसमोर, धोंडिबा तिच्या शेजारी. मी एकेक तुकडा लावत गेलो. पडद्यावर सगळे चौकोन चौकोन. मधेच हिरव्या साडीचा काठ, मधेच फळांचं ताट, कुणाचातरी मेंदीचा हात. बायकांच्या गाण्याची एक ओळ, अर्ध्यावर तुटलेली. भांड्यांचा आवाज. दिलीप 'इकडं बघा' म्हणाला तेवढं मात्र स्वच्छ ऐकू आलं, आणि मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

मग एका बाईचा आवाज आला, मोकळा, ठसक्यातला. "आता बास करा की ओ फोटू, पाय अवघडलं तिचं!"

समीक्षा ताठ झाली. "आई?"

धोंडिबांनी मान हलवली. "न्हाय बाळ. नंदा ती. तुझी मावशी."

तिनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. पुढचा तुकडा लावायला माझा हात होईना. तीच म्हणाली, "लावा काका."

शेवटून तिसरा तुकडा होता. पडदा नुसता काळा. बायकांचा गलबला, नंदाच्या आवाजातला एक शब्द, तोही तुटका, आणि मग कुणीतरी खळखळून हसलं. हसताना दम लागल्यासारखं, मधे श्वास घेऊन पुन्हा. दोन सेकंद. मग संपलं.

धोंडिबांनी पडद्याकडं बोट केलं. "ही," ते म्हणाले. "ही वैशी. अशीच हसायची. पोटातनं."

समीक्षा म्हणाली, "परत लावा."

मी परत लावलं. ती म्हणेल तितक्यांदा लावलं. शमीम दारात उभी होती, ती पदर तोंडाला लावून आत गेली. धोंडिबा टोपी हातात घेऊन रिकाम्या काळ्या पडद्याकडं बघत होते. बऱ्याच वेळानं समीक्षानं डोळे पुसले आणि विचारलं, "आबा, कशाला हसली ती? मावशी काय म्हणाली तिला?"

"मी बाहीर हुतो गं," धोंडिबा म्हणाले. "पंगत बघत हुतो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. मी त्याच सोप्यात, कदाचित दहा फुटांवर होतो.

त्यांच्या फोनमध्ये सगळे तुकडे घालून दिले. जाताना धोंडिबा उंबऱ्याशी थांबले. माफ केलं वगैरे काही म्हणाले नाहीत, मीही माफी मागितली नाही. "काजू पाठवतो," म्हणाले, आणि खरोखर पाठवले.

त्यानंतर तीन आठवडे मी त्या हसण्याच्या आधीचे तेवढेच सेकंद काढायचा प्रयत्न केला. डबा तापायचा, गार होऊ द्यायचा, पुन्हा लावायचा. एका सकाळी लेन्सच गेली. टक टक झालं आणि डिस्क नाही म्हणून आलं. तशी दुसरी लेन्स आता कुठं मिळणार नाही. मी बेळगावला जाऊन प्राध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, कपाटात तसाही पडूनच होता डबा.

मग समीक्षाला फोन केला. तिला आता कॉलेजात प्रवेश मिळालेला, मागं मुलींचा गोंगाट ऐकू येत होता. म्हटलं, "बाळ, पुढं काही निघणार नाही. लेन्स गेली."

"असू दे काका," ती म्हणाली. "मी मावशीकडं जाऊन आले. तिला ऐकवलं. ती खूप रडली. तू काय बोललीस म्हणून आई हसली, असं मी तिला विचारलं."

"मग?"

"तिला आठवत नाही. किती वेळ डोळे मिटून बसली होती. मग म्हणाली, कुठलं म्हणून सांगू गं, त्या दिवशी आम्ही सकाळपासून हसतच होतो."